रद्द नोंद कुठे जाते?

शहापूर तालुक्यातल्या एखाद्या भातशेताचे खातेदार कोण आणि त्याच गावात त्यांची आणखी जमीन किती, हे शोधायच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. भूलेखच्या संकेतस्थळावर कोकण विभाग, मग ठाणे जिल्हा, मग तालुका, गाव, गट नंबर. सातबारा उघडतो. त्यावर खातेदाराचं नाव आणि खाते क्रमांक. त्या क्रमांकावरून आठ-अ काढायचा, की त्या खात्यावरच्या गावातल्या सगळ्या जमिनी एकत्र दिसतात. प्रत्येक पायरीला आधीच्या पायरीचं उत्तर हातात लागतं. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. तो शहापूर तालुक्यातून जातो, आणि त्याच्या भूसंपादनात ज्यांची जमीन गेली त्यांना या पायऱ्या तोंडपाठ झाल्या असणार.

यातली कुठलीही पायरी वाटेतच संपू शकते. जुन्या खरेदीखतावर सर्व्हे नंबर असतो आणि गावात एकत्रीकरण होऊन गट पडलेले असतात. किंवा कागदावर ‘तालुका वाडा, जिल्हा ठाणे’ असं असतं, आणि 1 ऑगस्ट 2014 पासून वाडा, जव्हार, मोखाडा ही सगळी मंडळी पालघर जिल्ह्यात गेलेली. ठाण्यात उरले सातच तालुके. शहापूर आणि मुरबाड त्यातले. शोधणाऱ्याला तालुक्याच्या यादीत वाडा सापडत नाही आणि शोध तिथेच थांबतो.

संगणकाच्या प्रोग्रॅमला असं नुसतं थांबून चालत नाही. पहिल्या पायरीला ‘नाही’ आलं तर दुसरीचं काय करायचं, हे त्याला सांगावं लागतं. 1965 साली संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी अल्गोल-डब्ल्यू या भाषेत ‘काहीच नाही’ दाखवणारा नल नावाचा प्रकार आणला. आणायला सोपा होता म्हणून आणला. पुढे 2009 मध्ये एका व्याख्यानात त्यांनीच त्याला अब्ज डॉलरची चूक म्हटलं, कारण नल दिसायला खऱ्या उत्तरासारखाच असतो. पुढची पायरी तो खरा समजून उघडायला जाते आणि अख्खा प्रोग्रॅम कोसळतो. मग प्रत्येक पायरीपुढे ‘सापडलं का? सापडलं असेल तरच पुढे’ अशी तपासणी घालत जायची. पाच पायऱ्या म्हणजे पाच तपासण्या, एकीच्या पोटात दुसरी. मूळ काम दोन ओळींचं, आणि कागद भरतो तपासण्यांनी.

फंक्शनल प्रोग्रॅमिंगवाल्यांना हा पसारा अधिकच खुपतो. त्यांच्या जगात प्रोग्रॅम म्हणजे फंक्शनं, आणि फंक्शन म्हणजे गणितातलं शुद्ध फंक्शन: तेच दिलं की तेच मिळणार, आजूबाजूला काही हलणार नाही. अशी दोन फंक्शनं एकापुढे एक जोडायला एकच अट असते. पहिल्यातून जे बाहेर पडतं तेच दुसऱ्याला आत हवं असलं पाहिजे. आणि आपली गाडी नेमकी इथेच अडते. ‘गट नंबर द्या, सातबारा देतो’ असं सांगणारं फंक्शन खरं तर सातबारा देत नाही. ते ‘कदाचित-सातबारा’ देतं, म्हणजे एक तर ‘आहे, हा घ्या’ किंवा ‘नाही’. पुढच्या फंक्शनला मात्र खराखुरा सातबारा हवा. ‘कदाचित-सातबारा’ आणि ‘सातबारा’ हे दोन वेगळे प्रकार. सांधा बसत नाही.

या सांध्यासाठी जी खिट्टी लागते ती हॅस्केल या भाषेत `>>=` अशी लिहितात आणि बाइंड अशी उच्चारतात. तिचं काम एका वाक्यात सांगता येतं. डावीकडून ‘नाही’ आलं तर उजवीकडच्या फंक्शनला हाकच मारू नको, ‘नाही’च पुढे सरकव, ‘आहे’ आलं तर आतली वस्तू काढून उजवीकडच्याला दे. तपासणी एकदाच, खिट्टीत लिहिली. मग शोध असा लिहिता येतो:

`गटशोध >>= सातबारा >>= खातेक्रमांक >>= आठअ`

चार पायऱ्या, आणि तपासणी कुठे दिसतसुद्धा नाही. ती प्रत्येक `>>=` मध्ये आहे. याला ‘मेबी’ मोनॅड म्हणतात. नुसत्या ‘नाही’ऐवजी कारणासह ‘नाही’ पुढे सरकवलं की ‘आयदर’ मोनॅड होतो, आणि शहापूर-मुरबाड या तालुक्यांत तो फार कामाचा. इथे आदिवासी खातेदार मोठ्या संख्येने आहेत, आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 36-अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे मंजुरीशिवाय जात नाही. खरेदीची साखळी तिथे तुटली तर ‘नाही’ एवढंच कळून काय उपयोग? ‘36-अ ची परवानगी नाही’ हे कारण साखळीच्या टोकापर्यंत पोचलं पाहिजे.

इथवर हे सोयीचं वाटेल, थोर वाटणार नाही. तपासणी एका जागी गोळा केली, एवढंच ना? मलाही या टप्प्यावर हे नीटनेटकेपणाच्या पलीकडचं वाटत नाही. अचंबा दुसऱ्या उदाहरणात सुरू होतो.

मुरबाड तालुक्यातला एक गट घेऊ. समजा, गट 47. सातबारा सापडला. पण त्यावर खातेदार एक नाही, तीन आहेत. सामाईक क्षेत्र, भावाभावांचं. आणि समजा पहिल्याचं आणि तिसऱ्याचं गावात स्वतंत्र खातंही आहे. आता प्रश्न असा: या तिघांची गावात मिळून कुठे कुठे जमीन आहे? पहिल्याचे 47 धरून तीन गट, दुसऱ्याचा 47 एवढाच, तिसऱ्याचे 47 धरून पाच. ‘कदाचित’ची अडचण इथे नाही. अडचण उलटी आहे: उत्तर एकाऐवजी अनेक. ‘गट द्या, खातेदार देतो’ हे फंक्शन खातेदार देत नाही, खातेदारांची यादी देतं, आणि पुढच्या फंक्शनला एकेकटा खातेदार हवा. सांधा पुन्हा बसत नाही.

खिट्टी पुन्हा तीच, `>>=`. फक्त तिच्या पोटातला नियम निराळा: डावीकडच्या यादीतल्या एकेकाला उजवीकडच्या फंक्शनकडे पाठव, आलेल्या सगळ्या याद्या एकीमागे एक लावून एकच सलग यादी कर. यादीच्या आत याद्या ठेवू नको. तीन अधिक एक अधिक पाच, नऊ नोंदींची यादी तयार होते. तीत 47 तीनदा येतो. यादीला त्याचं काही वाटत नाही, क्षेत्राची बेरीज करायला बसलेल्याला वाटेल. साखळी लिहायची रीत मात्र अक्षरशः तीच राहते:

`खातेदार >>= जमिनी`

एखाद्या गटाला खातेदारच मिळाला नाही तर? यादी रिकामी. रिकाम्या यादीतलं कुणालाच पुढे पाठवता येत नाही, म्हणून उत्तरही रिकामं. म्हणजे ‘नाही’चा नियम इथे वेगळा सांगावाही लागत नाही, तो आपोआप आत येऊन बसतो. ‘सापडलं नाही’ आणि ‘अनेक सापडले’ या अगदी परस्परविरोधी वाटणाऱ्या अडचणी. त्या एकाच सांध्याने जुळाव्यात, हे मला आजही सहज पचत नाही.

तेव्हा मोनॅड म्हणजे काय? मोनॅड समजावणाऱ्या लेखांची एक बदनाम परंपरा आहे. 2009 मध्ये हॅस्केलवाले ब्रेंट यॉर्गी यांनी तिचं दुखणं नेमकं पकडलं: माणूस आठवडाभर धडपडतो, एक दिवस प्रकाश पडतो, त्या क्षणी डोक्यात जी उपमा असते तीच खरी किल्ली असं त्याला वाटतं आणि तो जगाला ती उपमा सांगत सुटतो. त्यांनी थट्टेने बरिटोचं उदाहरण दिलं. डबा, पिशवी, अंतराळयान असं काय काय लिहून झालं आहे. डब्याची उपमा ‘मेबी’ला चालते, यादीला ओढूनताणून चालते, पुढे येणाऱ्या उदाहरणाशी आली की फाटते. म्हणून उपमा नको. करार बघू.

करारात दोन गोष्टी लागतात. एक खिट्टी, आणि एक ‘काहीच न करणारी’ पायरी, जी साधी वस्तू घेते आणि त्या प्रकारात जशीच्या तशी ठेवते. हॅस्केलमध्ये तिला रिटर्न म्हणतात. ‘मेबी’साठी ती ‘आहे, हे घ्या’ म्हणते. यादीसाठी एकाच नावाची यादी करते. मग तीन अटी. साखळीच्या सुरुवातीला ही निरुपद्रवी पायरी लावली तर काही बदलू नये. शेवटी लावली तरी बदलू नये. आणि तिसरी अट: पायऱ्यांचे गट कसेही पाडा, आधी पहिल्या दोन एकत्र बांधा की शेवटच्या दोन, उत्तर तेच यावं.

तिसरी अट शाळेतल्या बेरजेच्या कंसांसारखी निरुपद्रवी दिसते. तिचा उपयोग मोठा आहे. तिच्यामुळे लांब साखळीतला मधला कुठलाही तुकडा काढून त्याला ‘गटावरून आठ-अ’ असं नाव देता येतं, तो दुसरीकडे वापरता येतो, आणि बाकीच्या साखळीला पत्ताही लागत नाही. ही अट मोडते तेव्हा काय होतं, ते शेवटी फेरफाराच्या वहीत दिसेल.

या कराराचा जन्म संगणकाजवळ झालेला नाही. गणितज्ञ रॉजे गोदमाँ यांच्या 1958 च्या ग्रंथात हा आकार टोपोलॉजीच्या कामासाठी आला. 1965 मध्ये हाइन्रिख क्लाइस्ली या स्विस गणितज्ञाने, अशा न जुळणाऱ्या बाणांची, म्हणजे आपल्या फंक्शनांची, साखळी कशी लावायची, ते मांडलं. आपली `>>=` मुळात तीच. दोघांच्याही मनात प्रोग्रॅम नव्हते. 1989 मध्ये एडिंबरात युजेनियो मोज्जी या इटालियन अभ्यासकाला एक वेगळाच प्रश्न पडला होता: दोन प्रोग्रॅम सारखेच आहेत हे सिद्ध करायचं तर, प्रोग्रॅम अडकतो, चुकतो, अनेक उत्तरं देतो, मागची स्थिती बदलतो, या सगळ्याचा हिशेब गणितात कसा घ्यायचा? प्रत्येक भानगडीसाठी वेगळा सिद्धांत मांडायचा? त्यांनी दाखवलं की भानगड कुठलीही असो, आकार मोनॅडचाच निघतो.

त्याच सुमारास हॅस्केलवाले वेगळ्याच पेचात होते. 1987 मध्ये पोर्टलंडच्या परिषदेत या भाषेचा विचार सुरू झाला, 1990 मध्ये पहिला अहवाल आला. भाषा शुद्ध, आणि वर आळशी: मागणी आल्याशिवाय कुठलाच हिशेब करायचा नाही. अशा भाषेत पडद्यावर एक ओळ छापायची कशी? छापणं म्हणजे जगात काहीतरी हलवणं, आणि कोणती गोष्ट आधी होईल याची हमी आळशी भाषेत नाही. सुरुवातीला जे उपाय केले ते चालत होते, पण बेढब होते. ग्लासगोच्या फिलिप वॉडलर यांनी मोज्जींचा निबंध वाचला आणि 1990 पासूनच्या लेखांत दाखवलं की हा आकार प्रोग्रॅम समजून घ्यायला आहे तसाच तो लिहायलाही आहे. 1996 च्या हॅस्केल 1.3 मध्ये छापणं, वाचणं, फाइल उघडणं हे सगळं अधिकृतपणे `>>=` ने जोडलं गेलं. पुढे हा आकार नाव न सांगता इतर भाषांत शिरला. जावास्क्रिप्टमध्ये प्रॉमिसपुढे ‘देन’ लावतात, 2014 च्या जावा 8 मध्ये ऑप्शनलला फ्लॅटमॅप आहे, रस्टमध्ये एक नुसतं प्रश्नचिन्ह आहे. ही चिन्हं रोज वापरणाऱ्या कित्येकांना आपण मोनॅड वापरतो हे माहीत नसतं, आणि त्यामुळे त्यांचं काही अडतही नाही.

आता फेरफार. माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा गाभा तिथे आहे.

सातबाऱ्यावर आज जे नाव दिसतं त्याच्यामागे गाव नमुना सहा असतो, फेरफाराची नोंदवही. वडील वारले, वारस नोंद झाली; एका भावाने हिस्सा विकला, खरेदीची नोंद झाली; सोसायटीचं कर्ज काढलं, बोजा चढला. प्रत्येक बदलाला गावाच्या वहीत पुढचा क्रमांक मिळतो, आणि तोच क्रमांक सातबाऱ्यावर नावाशेजारी येतो. जुन्या नावाला पूर्वी कंस व्हायचा, आता त्यावर आडवी रेघ येते, पण ते नाहीसं केलं जात नाही. म्हणजे इथली प्रत्येक पायरी दोन गोष्टी देते: नवा सातबारा, आणि वहीतली एक ओळ. पुढच्या पायरीला फक्त सातबारा हवा. सांधा तिसऱ्यांदा बसत नाही.

खिट्टीचा नियम तुम्ही आता स्वतःच सांगाल: सातबारा पुढे द्यायचा, आणि ओळी क्रमाने एकीखाली एक लावायच्या. हा ‘रायटर’ मोनॅड. ‘काहीच न करणारी’ पायरी इथे सातबारा तसाच ठेवते आणि वहीत काहीही लिहीत नाही. तिने ‘आज काही बदल नाही’ अशी एक ओळ जरी खरडली तरी पहिल्या दोन अटी मोडल्या. डब्याची उपमा इथे फाटते, कारण ही वही कुठल्याच डब्यात नाही. ती डब्यांच्या मधल्या प्रवासात भरत जाते.

पण खरा फेरफार एवढा सरळ नसतो. ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे पूर्वीचा तलाठी, नोंद घालतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत असते, आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर तरी करतो किंवा नामंजूर तरी. म्हणजे इथे ‘कदाचित’ आणि ‘वही’ दोन्ही एकदम हवेत. दोन मोनॅड एकावर एक ठेवले की तिसरा मोनॅड आपोआप तयार होतो का? सर्वसाधारणपणे होत नाही. ही गोष्ट शिकणाऱ्याला निराश करते, पण तीच सगळ्यात शिकवणारी आहे. या दोघांच्या बाबतीत जमतं, आणि दोन तऱ्हांनी जमतं.

एक तऱ्हा: बाहेर ‘कदाचित’, आत सातबारा आणि वही दोन्ही. नोंद मंजूर झाली तर दोन्ही मिळतात. नामंजूर झाली तर ‘नाही’, आणि ‘नाही’च्या आत काही नसतं. सातबाराही गेला, वहीही गेली. काही घडलंच नव्हतं. दुसरी तऱ्हा: बाहेर वही, आणि तिच्याशेजारी ‘कदाचित-सातबारा’. नोंद नामंजूर झाली तर सातबारा ‘नाही’, पण वहीत तोवर लिहिलेल्या ओळी जागच्या जागी.

पायऱ्या त्याच, खिट्टी तीच, लिहिलेली साखळीसुद्धा तीच. फरक फक्त कोणता थर आत आणि कोणता बाहेर, एवढाच. आणि या एवढ्याशा फरकावर ठरतं की रद्द झालेली नोंद कुठे जाते. महसूल खात्याने ही निवड संगणक यायच्या कितीतरी आधी करून ठेवली आहे: नामंजूर नोंद वहीत राहते, शेरा आणि कारणासकट, आणि तिचा क्रमांक दुसऱ्या नोंदीला देत नाहीत. म्हणजे दुसरी तऱ्हा. उद्या मुरबाडमधल्या टोकावड्याच्या किंवा शहापूरमधल्या डोळखांबच्या कुणा पोराने फेरफाराचा प्रोग्रॅम लिहिताना थर उलटे ठेवले, तर तो बिनचूक चालेल, सगळ्या मंजूर नोंदी बरोबर दाखवेल, आणि कुणीतरी अपिलात जाऊन नामंजूर नोंदीची नक्कल मागेपर्यंत चूक कुणाला दिसणारही नाही.

आता यात यादी मिसळा. वडिलांच्या तीन वारसांची यादी काढायची ही पहिली पायरी. प्रत्येक वारसाचं नाव लावायचं ही दुसरी, आणि पुढे प्रत्येकाने आपला हिस्सा कुणाच्या तरी नावे केला ही तिसरी. यादी आणि वही असे दोन थर. हॅस्केलमध्ये यादीचा थर दुसऱ्या मोनॅडवर चढवायला लिस्ट-टी नावाची तयार सोय बरीच वर्षं होती. ती अगदी सरळपणे लिहिलेली होती, कुणीही पहिल्यांदा लिहील तशीच. आणि ती तिसरी अट मोडत होती.

हातानेच करून बघा. पहिल्या दोन पायऱ्या आधी बांधल्या, तर वहीत आधी तिन्ही वारसांची नावं उतरतात, मग तिघांचे व्यवहार. शेवटच्या दोन आधी बांधल्या, तर पहिल्या वारसाचं नाव, लगेच त्याचा व्यवहार, मग दुसऱ्याचं नाव, त्याचा व्यवहार. शेवटचे सातबारे दोन्हीकडे सारखेच. ओळीही त्याच सहा. पण क्रम वेगळा, म्हणजे फेरफार क्रमांक वेगळे. पहिल्या वारसाच्या विक्रीला एकीकडे चौथा क्रमांक मिळतो, दुसरीकडे दुसरा. साखळीतला एखादा तुकडा नुसता बाजूला काढून नाव दिलं, तरी गावाच्या वहीतले क्रमांक हलतात. वहीऐवजी नुसती बेरीज ठेवली असती, एकूण नोंदी किती झाल्या एवढीच, तर हा दोष कधी दिसलाच नसता, कारण बेरजेला क्रम नसतो. क्रम लागणाऱ्या थरावर ही सोय मोनॅड राहत नाही. म्हणून पुढे ती हॅस्केलच्या तयार सोयींच्या संचातून काढून टाकली. तिच्या जागी आलेल्या रचना अख्खी यादी एकदम न घेता एकेक वारस मागणीनुसार पुढे देतात, आणि मग कंस कुठेही टाकले तरी प्रत्येक वारसाचं नाव आणि त्याचा व्यवहार लागोपाठच्या क्रमांकांवर येतात.